स्तब्ध उभे राहण्याची कसरत



कवायतीच्या तासाला ‘सावधान’ असा हुकूम मिळाला की तुम्ही टाचा जुळवून, हात अंगालगत सरळ ठेवून उभे राहता. आपण जराही हललो नाही असे तुम्हांला वाटते. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने मात्र ही गोष्ट अशक्य आहे. दोन पायांवर उभा असलेला माणूस क्षणभरही स्तब्ध नसतो. तो सारखा पडू लागतो आणि पडण्यापूर्वी स्वतःला सावरतो. हे सावरणे इतके बेमालूम चालते की त्याचा पत्ता पाहणाऱ्याला लागत नाही आणि उभे राहणाऱ्यालाही लागत नाही.

हे सावरणे बिघडले म्हणजे काय होते, हे कोविड-१९च्या साथीनंतर जगभर पुष्कळ लोकांनी अनुभवले. ताप उतरला, खोकला थांबला, पण उभे राहिले की झोक जातो, अंधारात पाऊल टाकण्याची भीती वाटते, रांगेत पाच मिनिटे उभे राहवत नाही, अशा तक्रारी काही जणांच्या बाबतीत महिनोन् महिने टिकून राहिल्या. नेहमीच्या तपासण्यांत पुष्कळदा काही सापडत नाही. मग घरचे आणि बाहेरचे लोक म्हणतात, ‘काही झालेले नाही, मनाचे खेळ आहेत.’

हे खरेच मनाचे खेळ आहेत काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी लागणारे बरेचसे ज्ञान तुमच्या पाठ्यपुस्तकातच आहे. गुरुत्वमध्य, परिबल, जडत्व आणि द्रवाचा दाब एवढ्या चार कल्पना हाताशी घेऊन आपण निघू.

उलटा लंबक

समतोलाचे प्रकार तुम्ही शिकला आहात. परातीच्या तळाशी ठेवलेली गोटी थोडी ढळली तर परत तळाशी येते. हा स्थायी समतोल. उपड्या वाटीच्या माथ्यावर ठेवलेली गोटी जरा ढळली की घरंगळत जाते. हा अस्थायी समतोल. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचा लंबक पहिल्या प्रकारचा असतो. तोच लंबक उलटा केला, म्हणजे टेकू खाली आणि वजन वर, तर तो दुसऱ्या प्रकारचा होतो. उभा माणूस हा असाच एक उलटा लंबक आहे. घोट्याचे सांधे हा त्याचा टेकू.

आता थोडे आकडे घेऊ. एका विद्यार्थ्याची उंची १६५ सें.मी. आणि वस्तुमान ५० कि.ग्रॅ. आहे असे धरा. त्याचा गुरुत्वमध्य बेंबीच्या किंचित खाली, जमिनीपासून सुमारे ९० सें.मी. उंचीवर असतो. त्या बिंदूतून ओळंबा सोडला तर तो घोट्याच्या सांध्याच्या थोडा पुढे, समजा ५ सें.मी. पुढे पडतो. विद्यार्थ्याचे वजन ५० × ९.८ = ४९० न्यूटन. म्हणून त्याला पुढे पाडू पाहणारे परिबल

४९० × ०.०५ = २४.५ न्यूटन-मीटर.

हे परिबल तोलून धरण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. टाचेच्या मागे जी जाड, ताठ शीर हाताला लागते, तिच्यामार्फत ते टाच वर ओढतात. ही शीर सांध्यापासून साधारण ५ सें.मी. मागे असते. म्हणजे दोन्ही पोटऱ्यांना मिळून जवळजवळ ४९० न्यूटन, अर्थात विद्यार्थ्याच्या वजनाइतकेच बल सतत लावावे लागते. नुसते उभे राहणे म्हणजे विश्रांती, असे समजणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

ओढ एकसारखी ठेवून मात्र भागत नाही. समजा शरीर १ मि.मी. जास्त पुढे झुकले. ओळंबा १ मि.मी. पुढे सरकला, पाडणारे परिबल वाढले, म्हणून झुकणे वाढले, म्हणून परिबल आणखी वाढले. ही वाढ चक्रवाढ व्याजासारखी आहे. गणित करून पाहिले तर ती किती वेगाने होते हे कळते. उंचीला गुरुत्वीय त्वरणाने भागून वर्गमूळ काढले की त्या वाढीचा काल मिळतो:

√(०.९ ÷ ९.८) = सुमारे ०.३ सेकंद.

शरीराचे सगळे वस्तुमान एकाच बिंदूत नसते, त्यामुळे प्रत्यक्षात हा काल थोडा जास्त असतो. आपण तो १/३ सेकंद धरू. झुकणे एकदा वाढू लागले की दर १/३ सेकंदाला ते सुमारे २.७ पट होते. आज १ मि.मी. असलेले झुकणे पुढीलप्रमाणे वाढेल:

१/३ सेकंदानंतर : २.७ मि.मी.
२/३ सेकंदानंतर : ७.४ मि.मी.
१ सेकंदानंतर : २० मि.मी.
१ पूर्णांक १/३ सेकंदानंतर : ५४ मि.मी.
१ पूर्णांक २/३ सेकंदानंतर : सुमारे १५० मि.मी.

ओळंबा जिथे पडतो तिथून पायाच्या बोटांची टोके साधारण १२ ते १३ सें.मी. पुढे असतात. ओळंबा पावलाच्या बाहेर गेला की माणूस पडला, किंवा त्याला पाऊल तरी पुढे टाकावे लागले. याचा अर्थ असा, की सावरण्याची यंत्रणा बंद पडली तर ‘सावधान’मधला विद्यार्थी दोन सेकंदही टिकणार नाही.

काठीचा खेळ

सावरण्यात वेळ किती मोलाचा असतो हे पाहण्यासाठी एक सोपा प्रयोग करा. मीटरपट्टी तळहातावर उभी करून तोलून धरा. थोड्या सरावाने जमेल. आता कंपासपेटीतील १५ सें.मी.ची पट्टी तशीच तोलून पाहा. कितीही सराव केला तरी जमत नाही. छोटी पट्टी हलकी असूनही असे का व्हावे?

वरचेच गणित येथे लावा. पट्टीचे वस्तुमान सर्व लांबीभर पसरलेले आहे हे लक्षात घेतले तर मीटरपट्टीचा वाढीचा काल सुमारे पाव सेकंद येतो आणि छोट्या पट्टीचा सुमारे ०.१ सेकंद. डोळ्यांनी पाहून हात हलवायला आपल्याला साधारण १/५ सेकंद लागतो. तेवढ्या वेळात मीटरपट्टीचे झुकणे जेमतेम दुप्पट होते, आणि हात वेळेवर पोचतो. छोट्या पट्टीचे झुकणे तेवढ्याच वेळात सातपट झालेले असते. हात पोचेपर्यंत पट्टी पडलेली असते.

यातून एक महत्त्वाचा नियम हाती येतो. तोल सांभाळण्यासाठी बळ लागतेच, पण त्याहून जास्त गरज असते ती अचूक आणि ताज्या बातमीची. बातमी उशिरा आली तर बळ असूनही उपयोग नाही. इतकेच नव्हे, तर उशिरा मिळालेल्या बातमीवरून केलेली दुरुस्ती घातकही ठरते. न्हाणीघरात पाणी गार लागते म्हणून आपण गरम नळ जास्त सोडतो. गरम पाणी पोचायला वेळ लागतो, म्हणून आणखी सोडतो. मग एकदम चटका बसतो, आणि घाईने नळ बंद केला की पुन्हा गार पाणी. उशिरा सावरणारे शरीर असेच एकदा पुढे, एकदा मागे झोके खाते.

तीन बातमीदार

मेंदूला शरीराच्या तोलाची बातमी तीन ठिकाणांहून मिळते.

पहिले ठिकाण म्हणजे डोळे. भिंत, दार, क्षितिज यांच्या तुलनेत आपण सरकलो की डोळ्यांना ते कळते.

दुसरे ठिकाण म्हणजे पाय आणि सांधे. तळपायाच्या त्वचेला दाब कोठे वाढला ते समजते, आणि स्नायू किती ताणले गेले हे सांगणारे सूक्ष्म संवेदक स्नायूंच्या आतच असतात. अंधाऱ्या खोलीतही आपला गुडघा वाकलेला आहे की सरळ, हे तुम्ही न पाहता सांगू शकता ते यांच्यामुळेच.

तिसरे ठिकाण म्हणजे आंतरकर्ण. कानाच्या आत खोलवर, हाडात कोरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन जशा एकमेकींशी काटकोन करतात, साधारण तशीच या नलिकांची मांडणी असते. त्यांत द्रव भरलेला असतो. पेल्यात पाणी घेऊन त्यावर काडेपेटीची एक काडी तरंगत ठेवा आणि पेला गर्रकन फिरवा. पेला फिरतो, काडी मात्र सुरुवातीला होती तशीच राहते, कारण पाण्याचे जडत्व. डोके वळले की नलिका वळते, आतला द्रव मागे राहतो आणि तेथील पेशींवरचे सूक्ष्म केस वाकवतो. ‘डोके वळले’ अशी बातमी मज्जातंतूंतून निघते. नलिकांच्या जवळच दोन लहान पिशव्या असतात. त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे असतात, म्हणजे रासायनिकदृष्ट्या चुनखडीसारखाच पदार्थ. डोके कलले की हे खडे सरकतात आणि खाली कोणती बाजू आहे ते कळते.

नलिकांचे हे काम फ्रान्समधील प्येर फ्लुरांस यांच्या प्रयोगांमुळे १८२० च्या दशकात पुढे आले. कबुतराची एखादी नलिका कापली की त्याचे डोके त्या नलिकेच्याच प्रतलात हेलकावे खाते, असे त्यांना दिसले. पुढे रॉबर्ट बारानी यांना आंतरकर्णाच्या या इंद्रियावरील संशोधनासाठी १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या तिघांच्या बातम्या मस्तिष्कस्तंभात आणि लहान मेंदूत एकत्र येतात. तेथे त्यांची पडताळणी होते आणि स्नायूंना हुकूम जातात. अचानक धक्का बसल्यावर पायांच्या स्नायूंचे आपोआप सावरणे सुमारे ०.१ सेकंदात सुरू होते. विचार करून हालचाल करण्यापेक्षा हे बरेच जलद आहे. एखादा बातमीदार गप्प बसला तर मेंदू बाकीच्या दोघांवर जास्त भिस्त ठेवतो. म्हणूनच आपण अंधारातही उभे राहू शकतो. मात्र दोन बातमीदार एकदम गेले, किंवा तिघांच्या बातम्या परस्परविरोधी येऊ लागल्या, तर घोटाळा होतो. धावत्या एस.टी.त पुस्तक वाचताना मळमळते ते याच कारणाने. डोळे म्हणतात ‘स्थिर आहोत’, कान म्हणतात ‘हलतो आहोत’.

कोविडने काय बिघडवले

आता मूळ प्रश्नाकडे वळू. भारतात कोविड-१९ चा पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्ये आढळला. जागतिक आरोग्य संघटनेने या साथीबाबतची आणीबाणी संपल्याचे ५ मे २०२३ रोजी जाहीर केले. आणीबाणी संपली, पण रोगाची शेपटी मागे राहिली. तिला ‘लाँग कोविड’ म्हणजे दीर्घ कोविड असे नाव आहे. हे नाव २०२० मध्ये रुग्णांनीच प्रचारात आणले, वैद्यकाने ते नंतर स्वीकारले. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याची व्याख्या दिली. कोविड सुरू झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनंतरही असणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कोणत्याही निदानाने उलगडा न होणारी लक्षणे, असा तिचा सारांश आहे. मुलांतही हा विकार होतो.

दीर्घ कोविडमध्ये थकवा, धाप, स्मरणशक्तीच्या तक्रारी यांच्याबरोबर चक्कर आणि तोल जाणे हीही लक्षणे दिसतात. त्यांचे एकच कारण नाही. बातमी निघण्यापासून स्नायू ओढला जाईपर्यंत जी साखळी आपण पाहिली, तिच्या निरनिराळ्या कड्या निरनिराळ्या रुग्णांत दुबळ्या झालेल्या असतात.

आंतरकर्णाची कडी घ्या. अमेरिकेतील संशोधकांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेल्या मानवी आंतरकर्णाच्या ऊतीवर प्रयोगशाळेत विषाणूचा परिणाम पाहिला. तोल सांगणाऱ्या त्या केस असलेल्या पेशींत हा विषाणू शिरू शकतो असे त्यांना आढळले. प्रत्येक रुग्णात असेच घडते असा याचा अर्थ नव्हे. असे घडणे शक्य आहे एवढेच यावरून सिद्ध होते.

मज्जातंतूंची कडी घ्या. दीर्घ कोविडच्या काही रुग्णांत अगदी बारीक मज्जातंतूंना इजा झालेली आढळली आहे. यांतील काही तंतू रक्तवाहिन्यांचे आकुंचन सांभाळतात. त्याचा संबंध थोड्या वेळाने येईल.

स्नायूंची कडी घ्या. दीर्घकाळ अंथरुणाला खिळल्यावर स्नायू झिजतात. पोटरीला सतत किती बल लावावे लागते ते आपण मोजलेच आहे.

आणि मेंदूची कडी. तोल सांभाळणे आपोआप चालते असे आपण म्हटले, पण त्यालाही थोडे अवधान लागते. निरोगी माणसाकडे ते भरपूर शिल्लक असते, म्हणून तो उभ्या उभ्या गप्पा मारू शकतो. दीर्घ कोविडच्या पुष्कळ रुग्णांना विचार करणेच जड जाते. अशा वेळी कोणी बोलू लागले किंवा गर्दीत उभे राहावे लागले की अवधानाची वाटणी होते आणि झोक जातो.

येथे आपला काठीचा प्रयोग आठवा. सावरण्यास ०.१ सेकंदाऐवजी ०.२ सेकंद लागू लागले, तर तेवढ्यात झुकणे सुमारे १.३५ पटीऐवजी १.८ पट होते. सेकंदाचा एक-दशांश भाग हा फरक डोळ्यांना दिसत नाही आणि क्ष-किरणाच्या चित्रातही उमटत नाही. परंतु उलट्या लंबकाच्या हिशेबात तो मोठा आहे. तपासणीत काही न सापडणे आणि काही न बिघडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

चक्कर म्हणजे नेमके काय?

साखळीबाहेरचे आणखी एक कारण आहे, आणि त्यात द्रवाच्या दाबाचा नियम कामाला येतो. आडवे असताना हृदय आणि डोके एका पातळीत असतात. उभे राहिलो की डोके हृदयाच्या सुमारे ३० सें.मी. वर जाते. रक्ताची घनता दर घनमीटरला सुमारे १०६० कि.ग्रॅ. आहे. म्हणून डोक्याच्या पातळीवर रक्ताचा दाब

१०६० × ९.८ × ०.३ = सुमारे ३१०० पास्कल

इतका, म्हणजे पाऱ्याच्या सुमारे २३ मि.मी. इतका कमी होतो. शिवाय अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांकडे आणि पोटाच्या खालच्या भागाकडे उतरते. निरोगी शरीर रक्तवाहिन्या लगेच आवळते, हृदयाचे ठोके थोडे वाढवते आणि मेंदूचा पुरवठा चालू राखते. दीर्घ कोविडच्या काही रुग्णांत ही आवळण्याची क्रिया नीट होत नाही. मग हृदय एकट्याने धावपळ करते. उभे राहिल्यापासून दहा मिनिटांच्या आत नाडी मिनिटाला ३० ठोक्यांनी (१२ ते १९ वर्षे वयात ४० ठोक्यांनी) वाढून तशीच राहते, रक्तदाब मात्र फारसा उतरत नाही. अशी लक्षणे बरेच दिवस राहिली आणि दुसरे कारण सापडले नाही, तर डॉक्टर या विकाराला ‘पॉट्स’ म्हणतात. असा रुग्ण आडवा झाला की त्याला बरे वाटते.

आपल्या मराठीत या सगळ्यांसाठी वेगवेगळे शब्द आहेत. खोली फिरल्यासारखी वाटली तर आपण ‘गरगरते’ म्हणतो. उभे राहताच डोळ्यांपुढे काळोख आला तर ‘अंधारी आली’ किंवा ‘घेरी आली’ म्हणतो. डोके ठीक पण शरीर एका बाजूला जाऊ लागले तर ‘झोक जातो’ म्हणतो. गरगरण्यामागे बहुधा आंतरकर्ण असतो, अंधारीमागे बहुधा रक्ताभिसरण, आणि झोक जाण्यामागे वर पाहिलेल्या साखळीतील एखादी कडी. डॉक्टरांसमोर मात्र आपण सर्रास ‘चक्कर येते’ एवढेच सांगून मोकळे होतो. आजी-आजोबांना किंवा मित्राला त्रास होत असेल तर त्यांना नेमका शब्द विचारा, आणि तो केव्हा होतो, मान वळवताना, उठताना की अंधारात चालताना, तेही टिपून ठेवा. डॉक्टरांचे अर्धे काम होईल.

तोल मोजता येतो

रुग्णाचे म्हणणे खरे की खोटे हा वाद मोजमापाने मिटवता येतो. एकोणिसाव्या शतकात बर्लिनचे वैद्य मोरिट्झ रोम्बेर्ख यांनी दाखवून दिले, की पाठीच्या कण्याच्या एका विकारात रुग्ण डोळे उघडे असताना उभा राहतो, पण डोळे मिटताच डुलू लागतो. पायांचा बातमीदार गेलेला असतो. डोळेही मिटले की दोन बातमीदार कमी होतात. ही चाचणी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

आता यासाठी बलमापक पाट वापरतात. पाटाखालील संवेदक पावलांचा दाब कोणत्या बिंदूत एकवटला आहे ते सेकंदातून पुष्कळ वेळा नोंदवतात. तो बिंदू सारखा भटकत असतो. त्याने किती अंतर कापले आणि किती जागा व्यापली यावरून डुलणे मोजतात. मग डोळे मिटून, किंवा पाटावर जाड मऊ गादी ठेवून तीच नोंद घेतात. मऊ गादीमुळे तळपायाची बातमी पुसट होते. दीर्घ कोविडच्या रुग्णांवर अशा चाचण्या झाल्या आहेत. त्यांतील अनेक अभ्यासांत हे रुग्ण निरोगी माणसांपेक्षा जास्त डुलतात असे आढळले. म्हणजे ज्या तक्रारीला मनाचा खेळ म्हटले गेले, ती कागदावर मिलिमीटरमध्ये उतरली.

तुम्ही करून पाहा

हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करा. ज्यांना चक्कर येते किंवा नुकतेच आजारपण झाले आहे त्यांनी करू नये. उभे राहणाऱ्याच्या मागे एकाने हात पुढे करून तयार राहावे.

साहित्य: कमरेच्या उंचीचे टेबल, आलेख कागद, ३० सें.मी. पट्टी, सेकंदकाटा असलेले घड्याळ.

कृती: टेबलाशेजारी पाय जुळवून उभे राहा. पट्टी कमरपट्ट्यात आडवी अशी खोचा, की तिचे टोक आलेख कागदाच्या थोडे वर येईल पण टेकणार नाही. मित्राने वरून पाहून ३० सेकंदांत टोक पुढे-मागे जास्तीत जास्त किती मिलिमीटर सरकते ते टिपावे. ही नोंद तीन वेळा घ्या आणि सरासरी काढा:

(१) डोळे उघडे ठेवून.
(२) डोळे मिटून.
(३) डोळे मिटून, पण एका बोटाचे टोक टेबलाला नुसते टेकवून. भार द्यायचा नाही.

दुसऱ्या नोंदीत डुलणे वाढलेले दिसेल. तिसरी नोंद मोठी मौजेची आहे. बोटाने दिलेला दाब एक न्यूटनपेक्षाही कमी, म्हणजे १०० ग्रॅम वजनाहूनही कमी असला, तरी डुलणे स्पष्टपणे घटते. ५० कि.ग्रॅ.च्या शरीराला एवढ्याशा दाबाने टेकू मिळणे शक्य नाही. बोट टेकू देत नाही, बातमी देते. शरीर किती सरकले हे बोटाच्या त्वचेला कळते आणि मेंदूला चौथा बातमीदार मिळतो. तोल जाणारा माणूस भिंतीला बोटे लावत चालतो तो यासाठीच. त्याला ‘भिंत सोडून चाल’ असे सांगणे म्हणजे त्याचा बातमीदार काढून घेणे होय.

उपचार आणि सावधगिरी

आंतरकर्णाच्या बिघाडावर सराव हे औषध आहे. नजर एका बिंदूवर ठेवून मान वळवणे, पाय जुळवून उभे राहणे, असे व्यायाम तज्ज्ञांच्या देखरेखीखाली केले तर मेंदू बदललेल्या बातम्यांचा नवा अर्थ लावायला शिकतो. परंतु दीर्घ कोविडच्या बऱ्याच रुग्णांत एक अडचण असते. त्यांना थोडेसे जास्त श्रम झाले तर त्या वेळी काही वाटत नाही, पण एक-दोन दिवसांनी सगळी लक्षणे उसळतात आणि काही दिवस किंवा आठवडे टिकतात. अशांना ‘व्यायाम वाढव, अंगात ताकद येईल’ हा सल्ला अपाय करतो. त्यांना श्रम आणि विश्रांती यांचे माप ठेवूनच चालावे लागते. एकाच रोगाचे नाव असले तरी एकाला सराव हवा, दुसऱ्याला आधी विसावा. कोणाला काय हवे हे डॉक्टरांनीच ठरवायचे. पॉट्समध्ये पाणी, मीठ आणि पायांवरील घट्ट मोजे यांचा काहींना उपयोग होतो, पण तेही डॉक्टरांना विचारूनच.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. प्रार्थनेच्या वेळी एखादा विद्यार्थी भिंतीला टेकला, राष्ट्रगीतानंतर मटकन खाली बसला, किंवा खेळाच्या तासाला टाळाटाळ करू लागला, तर त्याला आळशी ठरवण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: ‘तुला केव्हापासून असे होते?’ आणि ‘बसल्यावर बरे वाटते का?’ त्याला रांगेच्या कडेला, भिंतीजवळ जागा द्यावी. बसायची परवानगी मागण्याची वेळ त्याच्यावर चारचौघांत येऊ देऊ नये. पालकांना कळवावे. इतर विद्यार्थ्यांनीही हे ध्यानात घ्यावे, की आपण ज्याला ‘नुसते उभे राहणे’ म्हणतो तेच आज तुमच्या मित्रासाठी दिवसातले सर्वांत मोठे काम असू शकते.

स्वाध्याय

१. ओझे डोक्यावर घेतल्यास शरीराचा गुरुत्वमध्य वर जातो. मग वाढीच्या कालावर काय परिणाम होईल? डोक्यावर हंडा घेऊन जाणाऱ्या स्त्रीला त्याचा फायदा होतो की तोटा? दोन्ही बाजूंनी विचार करा.

२. म्हातारी माणसे काठी वापरतात. काठीमुळे आधारपृष्ठ किती वाढते ते आकृती काढून दाखवा. काठीचा याखेरीज दुसरा उपयोग कोणता?

३. तुमच्या उंचीवरून गुरुत्वमध्याची उंची अंदाजे काढा (उंचीच्या सुमारे ५५ टक्के) आणि वाढीचा काल मोजा. तुमच्या वर्गातील सर्वांत उंच आणि सर्वांत ठेंगण्या विद्यार्थ्याच्या उत्तरांत किती फरक पडतो?

४. चंद्रावर गुरुत्वीय त्वरण पृथ्वीच्या सुमारे एक-षष्ठांश आहे. तेथे मीटरपट्टी तळहातावर तोलणे सोपे जाईल की अवघड? आणि छोटी पट्टी?